बाळाचा पहिला स्वेटर: पॅटर्न वाचताना हमखास पडणारे प्रश्न

बाळंतविड्यातली झबली, टोपडी, दुपटी, कुंची आता सगळी तयार मिळतात. तरी एखादी वस्तू हातची हवी, असं घरात कोणीतरी म्हणतंच. मग तुळशीबागेतून सुया आणि लोकर येते, मोबाइलवर एखादा पॅटर्न उतरवला जातो आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडते. माझ्याकडे विणायला शिकायला येणाऱ्यांनी (यात एक निवृत्त आजोबाही आहेत, आणि त्यांचे टाके सगळ्यांत एकसारखे पडतात) गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे घेतले आहेत. टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं एवढं हाताला येतं, असं धरून चालले आहे.

पॅटर्न आधी पूर्ण वाचायचा की विणत विणत वाचायचा?

एकदा पूर्ण वाचा, पण समजलाच पाहिजे असा हट्ट नको. मुंढ्याची (बाही जिथे जोडतात त्या कापाची) सूचना नुसती वाचून डोक्यात शिरत नाही. सुईवर ६२ टाके समोर असले की तीच सूचना सोपी होते. पहिल्या वाचनात दोनच गोष्टी पाहायच्या: सामान काय लागतं आणि कुठे ‘त्याच वेळी’ हे शब्द आले आहेत का. त्या शब्दांकडे पुढे येते.

मी शिकवताना एक सवय लावते. पॅटर्नमधली जवळजवळ प्रत्येक सूचना शेवटी एका आकड्यावर येऊन थांबते: ५४ टाके, ४८ टाके, १२ टाके. त्या सगळ्या आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल करा. सूचना अर्धवट कळली तरी चालेल. तिच्या आधीचा आणि नंतरचा आकडा माहीत असला की मधलं बहुतेक वेळा गणितानं सुटतं.

पॅटर्नमध्ये ‘टाके घाला ५४ (६२, ६६)’ असं लिहिलंय. नक्की किती घालायचे?

कंसाबाहेरचा आकडा सर्वांत लहान मापाचा, कंसातले क्रमाने मोठ्या मापांचे. समजा वर लिहिलंय ‘६ महिने (१ वर्ष, २ वर्षं)’. तुम्हाला एक वर्षाचा स्वेटर करायचा असेल तर पूर्ण पॅटर्नभर कंसातला पहिला आकडाच तुमचा. सुरुवातीलाच तेवढे आकडे हायलायटरने रंगवून टाका, नाहीतर रात्री अकरा वाजता डोळे शेजारच्या आकड्यावर जातात आणि पाठ एक वर्षाची, बाही दोन वर्षांची होते. कंसाच्या जागी कधीकधी एकच आकडा असतो, तो सगळ्या मापांना लागू.

पुढची उदाहरणं याच ६२ टाक्यांच्या पाठीवर देते, म्हणजे धागा तुटणार नाही.

माप वयावरून निवडू का?

नको, छातीवरून निवडा. वर्षाच्या मुलाची छाती साधारण ४६ सेंटीमीटर धरतात आणि स्वेटर त्यापेक्षा सहा ते दहा सेंटीमीटर मोठा हवा, कारण आत झबलं असतं आणि मूल वाढत असतं. पॅटर्नमध्ये दोन मापं दिलेली असतात, एक अंगाचं आणि एक तयार कपड्याचं. या दोघांत गल्लत करू नका.

पुण्यापुरती एक गोष्ट आणखी. आपल्याकडे खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची. पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी तिशीला टेकतो. म्हणजे स्वेटर सकाळी घालायचा, अकराला काढायचा. त्यामुळे पुढून उघडा, बटणांचा किंवा बिनबाह्यांचा स्वेटर डोक्यातून घालायच्या जाड स्वेटरपेक्षा जास्त वापरला जातो. शिवाय जूनमध्ये विणायला घेतलेला स्वेटर बाळ डिसेंबरात घालणार, तेव्हा आजचं नाही, डिसेंबरातलं माप धरा.

‘टेन्शन २२ टाके, ३० ओळी’ म्हणजे काय? टेन्शन तर मला आधीच आलंय.

हा विनोद प्रत्येक बॅचमध्ये होतो. ब्रिटिश पॅटर्नमध्ये टेन्शन आणि अमेरिकन पॅटर्नमध्ये गेज म्हणतात. अर्थ एकच: तुमच्या हातानं, त्या लोकरीनं, त्या सुईवर १० सेंटीमीटर रुंदीत किती टाके आणि १० सेंटीमीटर उंचीत किती ओळी बसतात.

नमुन्याचा चौकोन विणून हे मोजणं टाळून कोणी स्वेटर सुरू केला की मी गप्प बसते, कारण मीही पहिल्यांदा टाळलं होतं. आता हिशोब बघा. आपल्या ६२ टाक्यांच्या पाठीची रुंदी २२ च्या मापाने २८ सेंटीमीटर होते, पुढचा भाग तेवढाच, एकूण घेर ५६. तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटीमीटरमध्ये २२ ऐवजी २४ टाके बसत असतील, तर तीच पाठ पावणेसव्वीस सेंटीमीटर होईल आणि घेर साडेएकावन्न. फक्त दोन टाक्यांच्या फरकानं जवळजवळ पाच सेंटीमीटर गेले, म्हणजे वर्षाचा म्हणून विणलेला स्वेटर सहा महिन्यांच्या बाळाला बसायचा.

म्हणून ३० टाके घालून चौकोन विणा, हातानं धुवा, वाळवा आणि मग मधले १० सेंटीमीटर मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेडेवाकडे असतात. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. हात सैल किंवा घट्ट करून जमवायला जाऊ नका. दहा ओळींनंतर हात आपल्या मूळ सवयीवर येतो.

दुकानदाराने ८ नंबरच्या सुया दिल्या आणि पॅटर्नमध्येही ८ च आहे. तरी चौकोन भलताच मोठा किंवा लहान का?

नंबरांच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत टिकून आहे: नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. त्यामुळे नंबर विसरा, मिलिमीटर पाहा. सुईवर मिलिमीटर छापलेले नसतील तर भोकांची पट्टी मिळते, तिच्यात सुई घालून बघायची.

बहुतेक पॅटर्नमध्ये दोन जोड्या सांगितलेल्या असतात. बारीक सुया बॉर्डरला, जाड सुया अंगाला. बॉर्डर संपल्यावर सुया बदलायची सूचना एकाच ओळीत असते आणि ती हमखास नजरेतून सुटते.

इंग्रजी पॅटर्नमधली अक्षरं कशी लावायची?

मराठी पुस्तकांत ‘सु.’ आणि ‘उ.’ असतं, तसंच हे. ‘के’ म्हणजे सुलट, ‘पी’ म्हणजे उलट. ‘के २ टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. ‘एम १’ म्हणजे एक टाका वाढवा. ‘वाय ओ’ म्हणजे लोकर सुईवरून घ्या, त्यानं टाका वाढतो आणि भोक पडतं. ‘एस एल’ म्हणजे टाका न विणता नुसता उचला. ‘स्टॉकिंग स्टिच’ म्हणजे एक सुई सुलट, एक सुई उलट. ‘गार्टर’ म्हणजे सगळ्या सुया सुलट. बाकीची अक्षरं पॅटर्नच्या शेवटी किंवा सुरुवातीला दिलेली असतात. ती यादी आधी शोधा. आपल्याकडे ‘ओळ’ म्हणण्याऐवजी ‘सुई’ म्हणायची पद्धत आहे. ‘सहावी सुई’ वाचून दुकानात सहा सुया मागणारी एक विद्यार्थिनी मला भेटली आहे.

भाषांतर करून घेतलं तर पॅटर्नमध्ये ‘उजव्या बाजूने विणा’ असं आलं. उजवीकडून सुरुवात कुठे करू?

ही भाषांतराची करामत. इंग्रजीत ‘राइट साइड’ म्हणजे इथे उजवी नव्हे, सुलट बाजू. कपड्याची जी बाजू जगाला दिसते ती. ‘राँग साइड’ म्हणजे आतली, उलट बाजू. मराठीत घोळ आणखी वाढतो, कारण सुलट टाका आणि सुलट बाजू हे दोन वेगळेच. सुलट बाजूला उलट टाकेही येतात. बॉर्डर झाल्या झाल्या सुलट बाजूला एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा. पिन समोर दिसली की तुम्ही सुलट बाजूची सुई विणताय.

‘लेफ्ट फ्रंट’ मात्र खरोखर डावा. पण बाळाच्या अंगावर घातल्यावर त्याच्या डावीकडे येणारा. टेबलावर समोर ठेवला की तो तुमच्या उजवीकडे दिसतो.

‘* २ सु., २ उ. *, शेवटचे २ टाके राहीपर्यंत, २ सु.’ हे कसं वाचायचं?

दोन फुल्यांच्या मधलं पुन्हा पुन्हा करायचं. ६२ टाक्यांत हे पंधरा वेळा होतं, ६० टाके संपतात, उरलेले दोन सुलट. आकडा बरोबर बसला. परतीच्या सुईला २ उलटने सुरुवात करायची. खालचा टाका जसा दिसतो तसाच विणत जायचा: सुलट दिसतोय तर सुलट, उलट दिसतोय तर उलट. हे एकदा डोळ्यांना समजलं की बॉर्डर टीव्ही बघत होते.

शेवटी दोनऐवजी एक किंवा तीन टाके उरले तर पुढे जाऊ नका. चूक याच सुईत आहे.

टाके आपोआप वाढतात. ६२ चे ६५ झाले. मी काहीच केलं नाही!

केलंत. दोनपैकी एक झालं असणार.

पहिलं, बॉर्डरमध्ये उलट टाक्यानंतर सुलट विणताना लोकर पुढेच राहिली. उलट टाक्याला लोकर पुढे हवी, सुलट टाक्याला मागे, आणि ती दोन सुयांच्या मधून न्यायची. सुईवरून गेली की एक नवीन टाका जन्माला येतो आणि तिथे भोक दिसतं.

दुसरं, सुईच्या सुरुवातीला लोकर वर ओढली गेली. मग पहिला टाका वर खेचला जातो, त्याचे दोन पाय सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात आणि तुम्ही दोन्ही विणता. सुरुवात करताना लोकर खाली सोडा, टाका एकच दिसतोय ना बघा.

पहिले काही दिवस प्रत्येक चार सुयांनंतर टाके मोजा. वीस ओळींवर कळण्यापेक्षा चारवर कळलेलं बरं. उसवायला लाज वाटून घेऊ नका. मी अजून उसवते.

मुंढ्यासाठी ‘पुढच्या दोन सुयांच्या सुरुवातीला ४ टाके बंद करा’ लिहिलंय. एकाच सुईला दोन्ही टोकांना का नाही?

कारण टाके बंद करायला लोकर हाताशी हवी, आणि ती फक्त सुईच्या सुरुवातीला असते. म्हणून एका सुईला एका बाजूचे ४, परत फिरून दुसऱ्या बाजूचे ४. ६२ चे ५४ झाले. दोन्ही मुंढे एका ओळीनं खाली-वर होतात, पण शिवल्यावर कोणाला दिसत नाही.

पुढे येतं: ‘एका आड एक सुईला दोन्ही टोकांना १ टाका कमी करा, ४८ टाके राहीपर्यंत’. एका वेळी दोन टाके जातात, सहा कमी करायचेत, म्हणजे तीन वेळा. टाके कमी करणं सुलट बाजूच्या सुईला, मधली उलट बाजूची सुई साधी. पाहा, शेवटच्या आकड्यावरून ‘किती वेळा’ हे न सांगताही निघालं.

कमी करण्याचे दोन प्रकार का असतात, हेही इथेच सांगते. दोन टाके एकत्र सुलट विणले की टाका उजवीकडे कलतो. एक उचलून, पुढचा विणून, उचललेला त्यावरून ओढला की डावीकडे कलतो. मुंढ्याचा उतार दोन्ही बाजूंनी आत येतो, म्हणून सुईच्या सुरुवातीला डावीकडे कलणारा आणि शेवटी उजवीकडे कलणारा. पॅटर्नमध्ये फक्त ‘कमी करा’ असेल तर असंच करा. दोन्हीकडे एकच प्रकार केला तर स्वेटर बिघडत नाही, एक मुंढा जरा दातेरी दिसतो इतकंच.

गळ्याला ‘१७ टाके विणा, मधले १४ पिनवर ठेवा, उरलेले टाके नंतर’ असं आहे. इथे मी पूर्ण हरवले.

इथे सगळेच हरवतात. हा पुढचा भाग, टाके पाठीइतकेच. आकडे मांडा: १७ + १४ + १७ = ४८. म्हणजे एक खांदा, गळा, दुसरा खांदा. १७ टाके विणून झाले की काम फिरवा आणि फक्त त्या १७ वर विणत राहा. मधले १४ मोठ्या पिनवर किंवा जाड दोऱ्यात ओवून ठेवा, पलीकडचे १७ही तसेच. गळ्याच्या कडेला एका आड एक सुईला एक टाका, पाच वेळा कमी केला की १२ उरतात. तो खांदा. पाठीचा खांदाही १२ चाच असायला हवा, नाहीतर शिवताना जुळणार नाही. आता पलीकडच्या १७ टाक्यांना नव्यानं लोकर जोडा.

मग येतं ते सगळ्यांत आळशी वाक्य: ‘दुसरी बाजू उलट आकारात विणा’. लिहिणाऱ्याचं काम वाचलं, तुमचं वाढलं. पहिली बाजू विणतानाच एका कागदावर प्रत्येक सुईचं लिहून ठेवा: सुलट बाजू, गळ्याकडे कमी, १६ उरले. दुसऱ्या बाजूला तोच कागद, फक्त गळा सुईच्या दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला केलेलं आता शेवटी करायचं.

‘त्याच वेळी’ मध्ये एवढं काय आहे?

हे दोन शब्द परिच्छेदाच्या शेवटी येतात आणि तुम्ही तोवर परिच्छेदाची सुरुवात विणून मोकळे झालेले असता. व्ही गळ्याच्या स्वेटरमध्ये मुंढ्याचे टाके कमी होत असतानाच गळ्याचेही कमी व्हायचे असतात. पॅटर्नमध्ये आधी मुंढा लिहिलेला, खाली गळा. प्रत्यक्षात दोन्ही एकाच सुईत. म्हणून मी पहिल्या वाचनात हे शब्द शोधायला सांगितले. दोन रकाने आखा, एक मुंढ्याचा, एक गळ्याचा, आणि सुई संपली की खूण करा.

‘समान अंतरावर ६ टाके वाढवा’ म्हणजे किती अंतरावर?

बाहीच्या ३८ टाक्यांवर सहा वाढवून ४४ करायचेत असं धरू. ३८ ला ६ ने भागलं की सहा आणि थोडं. कडेला अर्धं अंतर सोडायचं. म्हणजे ३ विणा, एक वाढवा, मग ‘६ विणा, एक वाढवा’ हे पाच वेळा, शेवटचे ५ विणा. अगदी समान नाही झालं तरी चालतं, फक्त शिवणीच्या टाक्यावर वाढवू नका.

‘दर सहाव्या सुईला’ मध्ये पहिली सुई कुठली धरायची?

पाच सुया साध्या, सहावीला वाढवा. पुन्हा पाच साध्या. ओळी मोजायच्या असतील तर एक सुलट, एक उलट विणीत इंग्रजी व्ही दिसतात, एक व्ही म्हणजे एक ओळ. सगळ्या सुया सुलट असतील तर एक उंचवटा म्हणजे दोन ओळी.

चार्ट असलेला पॅटर्न सोपा की अवघड?

चार्ट म्हणजे चौकटींत खुणा करून दाखवलेली वीण, एक चौकट म्हणजे एक टाका. सवय झाली की सोपा. अडचण एकच, आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो, चार्ट खालून वर वाचायचा. सुलट बाजूची सुई उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. चार्ट सुलट बाजूनं जसं दिसतं तसं दाखवतो, म्हणून उलट बाजूच्या सुईला सुलटची खूण दिसली तर उलट विणायचं.

विणून झाला, पण डोकं गळ्यातून जात नाही.

माझ्या भाच्याचा पहिला स्वेटर असाच गेला. तो रडला, बहीण हसली, मी उसवलं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. वर्षाच्या सुमाराला डोक्याचा आणि छातीचा घेर जवळपास सारखाच भरतो. गळ्याची पट्टी विणून झाली की टाके बंद करताना एक-दोन नंबर जाड सुई घ्या. तरी अडत असेल तर एका खांद्याची शिवण उघडी ठेवून दोन बटणं लावा. बरेच पॅटर्न हे आधीच सुचवतात, नवशिके मात्र ‘नको ती कटकट’ म्हणून ती ओळ गाळतात.

लोकर कुठली आणि किती?

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. ते धुवायला सोपं आणि टोचत नाही, पण आगीजवळ वितळतं, तेव्हा दिवाळीत फटाक्यांपाशी तो स्वेटर नको. खरी लोकर सहज पेट घेत नाही, पण काही बाळांना टोचते. आपल्या हवेला सुती किंवा सुती मिश्र धागाही छान चालतो. वर्षाच्या स्वेटरला मध्यम जाडीची दीडशे ग्रॅमपर्यंत लागते. सगळे गुंडे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर एकच आहे ना बघा. पंधरा दिवसांनी आणलेला ‘तोच’ पिवळा बाहीवर वेगळा दिसतो.

पॅटर्नमध्ये गळ्याला रिबन ओवायला सांगितलंय. ओवू का?

नाही. गळ्याभोवती नाडी, रिबन, गोंडा काही नको, पॅटर्न कितीही सुंदर असो. बटणं घट्ट शिवा आणि ओढून बघा. आतल्या बाजूला लोकरीचे लांब सुटे धागे ठेवू नका, त्यात बाळाची बोटं अडकतात. मोठ्या भोकांची जाळीदार वीणही याच कारणासाठी पहिल्या वर्षात टाळा.

काजं मुलाला डावीकडे, मुलीला उजवीकडे, असं असतं ना?

रिवाज तसाच आहे. बाळ जन्माच्या आधीच विणत असाल तर कुठेही करा. बाळ तक्रार करत नाही, सासूबाई करतील.

शेवटी ‘हलकी इस्त्री करा’ लिहिलंय.

ॲक्रिलिकला करू नका. इस्त्रीनं ते चपटं आणि निर्जीव होतं आणि परत सुधारत नाही. कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि जाड पंचावर आडवा पसरून हातानं मापात आणा. गॅलरीत दोरीवर टाकलात तर ओला स्वेटर स्वतःच्या वजनानं लांबतो आणि इतके मोजून घातलेले टाके गुडघ्यापर्यंत येतात.